आडवे दार

राहाता
११ जानेवारी १९७३

चि. गहिनीनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझे संक्रांतीचे पत्र संक्रांतीआधी आले, हे नवल. दुष्काळाने माणसे वक्तशीर होतात असे दिसते.

एसटीचा कंडक्टर आसाराम सांगत होता की तुझ्या गोठ्यात अमेरिकन पोती लागली आहेत. तू मला कळवले नाहीस. मावसबहीण नऊ वर्षांनी मोठी असली की तिला गोष्टी कंडक्टरकडून कळाव्यात, असा काही नियम आहे काय?

विचारण्याचे कारण आहे. इथल्या ग्रंथालयाची व्याख्यानमाला मे महिन्यात होईल. मी 'अमेरिकेचे समुद्रापारचे राज्य' हा विषय दिला आहे. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी शिवणाचा वर्ग काढीन, असे समितीला वाटत होते. अध्यक्ष म्हणाले, "बाई, अमेरिकेचं राज्य कुठंय? ते तर धान्य देतात." म्हटले, तेच सांगायचे आहे. क्युबाला सोडवायला गेले आणि तिथे तळ ठोकून बसले. फिलिपिन्सला सोडवायला गेले आणि पन्नास वर्षे राहिले. एकाहत्तर साली आपण बांगलादेशाच्या बाजूने उभे राहिलो, तर बंगालच्या उपसागरात आरमार पाठवले. सोडवायला येणारा पाहुणा परत कधी जातो, हे आधी विचारून घ्यावे.

तर पुढील गोष्टी कळव. पोत्यावर काय छापले आहे? देणारा कोण? त्याच्या अटी काय? अटी असतातच. शाईने लिही, पेन्सिलीने नको.

बायडास आशीर्वाद.

मनकर्णा


शिंगणापूर
१९ जानेवारी

ती. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

कळवले नाही, कारण तू आधी रागावशील आणि मग विचारशील, हे माहीत होते. तसेच झाले.

आमच्याकडची माणसे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जातात. नवरा-बायको दोघेही. पोरे मागे राहतात. जनावरे छावणीत गेल्यामुळे माझा गोठा रिकामा होता, म्हणून एका परदेशी संस्थेने तिथे स्वयंपाकाचे केंद्र उघडले. भरडलेला गहू, दुधाची भुकटी आणि तेल येते. माझी बायडा आणि शेजारची गोजरबाई सांजा शिजवतात. ब्याऐंशी पोरे दोन वेळा खातात. पोत्यावर दोन हात एकमेकांत मिळवलेले चित्र आहे आणि खाली इंग्रजी. कुणाचा हात वर आहे ते नीट कळत नाही. तू येऊन बघ.

देणारी एक बाई आहे. मिस एलिस. वय साठीच्या आतबाहेर. नगरला वीस वर्षे आहे, मराठी आपल्यासारखी बोलते. चप्पल मजबूत, चाल भरभर, कुणी वाकडे बसले की "सरळ बस" म्हणते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमच्याशिवाय आणखी चार गावच्या कोठ्यांच्या किल्ल्या तिच्याकडेच. दर शनिवारी जीपने येऊन कुलूप काढते, आठवड्याचा शिधा मोजून देते, पुन्हा कुलूप; आमच्याकडची पोती तेवढी उघड्या गोठ्यात असतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा बायडा म्हणाली, "आवं, ह्या तर गोऱ्या वन्संच की." मी पोती मोजू लागलो.

अट एकच. कोठीला दार पाहिजे आणि दाराला कुलूप. आता तुला माहीतच आहे. आमच्या गावात एका घराला दार नाही. कुत्र्यासाठी काटक्यांचा झाप लावतो, माणसासाठी नाही. शनिदेवाच्या गावात चोरी होत नाही, हे मी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "तुमचा देव मला मान्य हाय. माझ्या वरच्या साहेबांना न्हाई." महिनाअखेर दार बसले नाही तर पोती बंद.

गावाची बैठक झाली. दार बसवायचे नाही, यावर सगळे एक. पोती जाऊ द्यायची नाहीत, यावरही सगळे एक. पुढे काय, यावर कुणी बोलत नाही.

गहिनीनाथ


राहाता
२४ जानेवारी

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

याला म्हणतात आयते उदाहरण. १८९९ साली अमेरिकेने युरोपातल्या राष्ट्रांना खलिते पाठवले की चीनचे दार सर्वांच्या व्यापाराला उघडे ठेवा. चीनला विचारलेसुद्धा नाही. आता सत्तर वर्षांनी ज्या गावाला दारच नाही, तिथे म्हणतात की दार करा आणि बंद करा. हे मी व्याख्यानात घालणार आहे.

दार घ्यायचे नाही. आज दार, उद्या पहारेकरी, परवा पहारेकऱ्याला बसायला तळ. बाईंना निरोप दे की पोती घेऊन जा. नगरच्या कलेक्टरकडे अर्ज करा, सरकारी केंद्र मागा. अर्जाचा मसुदा सोबत आहे. मसुद्यात एक शब्द बदलायचा नाही.

त्या बाईशी माझी तुलना करण्याचे कारण नव्हते. मी "सरळ बस" म्हणत होते ते पाठीच्या कण्यासाठी.

मनकर्णा


शिंगणापूर
८ फेब्रुवारी

ती. आक्कास नमस्कार.

अर्ज तसाच्या तसा दिला. कचेरीत सांगितले, यादीत नाव घेतो, तीन महिने लागतील. मी म्हटले, पोरांना सांगतो तीन महिने थांबा म्हणून.

निरोप मात्र दिला नाही. खरे सांगतो. बायडासमोर तुझे पत्र वाचले. ती चूल फुंकत होती. म्हणाली, "वन्संना म्हनावं, तितं बसून अमेरिकेला हाकलनं सोपं हाय. हितं येऊन गोजरबाईच्या नातीला सांगा, आज सांजा न्हाई म्हनून." मग म्हणाली, "आनि कुलपाचं वन्संनी बोलू नये."

बरोबर आहे की नाही? मिरजगावला आजोळी होतो तेव्हा गुळाच्या डब्याला कुलूप कुणी घातले होते? तू पंधरा वर्षांची होतीस. आजही तुझ्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तांबड्या दोऱ्याने गळ्यात असते. आमच्याकडे मुक्कामाला आलीस तेव्हा ट्रंक उशाला घेऊन झोपलीस. शिंगणापुरात. लोक अजून सांगतात.

तर ऐक. दार आले. बाईंनीच पाठवले, खोक्यांच्या फळ्यांचे, जाड, बिजागऱ्यांसकट. कडीला कुलूप लावूनच पाठवले आहे आणि किल्ली त्यांच्या जुडग्यात आहे. दोन दिवस ते गोठ्याबाहेर भिंतीला टेकून उभे होते. येणारे-जाणारे त्याच्याकडे पाहुण्याकडे पाहावे तसे पाहत. तिसऱ्या दिवशी बायडाने चार दगड मांडले, गोजरबाईला दुसऱ्या बाजूने धरायला लावले आणि दार त्यावर आडवे टाकले. आता पोरे पाळीपाळीने त्याच्या भोवती बसून खातात. ताटल्या धुळीत ठेवाव्या लागत नाहीत.

म्हाताऱ्या सूर्यभानबाबांना विचारले, हे चालते का. त्यांनी वरून हात फिरवला आणि म्हणाले, "हुबं ऱ्हाऊन मानसाला अडवतं त्ये दार. ह्ये तर पोरांना जेवाय बोलावतंय. चालतंय."

गाव खूश आहे. अडचण एवढीच की संस्थेचा छापील तक्ता आला आहे, इंग्रजीत. भरून पंधरा तारखेच्या आत नगरला पाठवायचा आहे. सोबत जोडला आहे. गावात इंग्रजी कुणाला येत नाही. तुला येते. तू खोटे लिहिणार नाहीस, हेही माहीत आहे. म्हणूनच काळजी वाटते.

गहिनीनाथ


राहाता
१३ फेब्रुवारी

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

तक्ता भरून परस्पर टपालात टाकला. काय लिहिले ते तुला माहीत असावे म्हणून मराठीत देते.

कोठीसाठी दार मिळाले आहे काय? होय.
दाराला कुलूप लावलेले असते काय? होय, अहोरात्र.
किल्ली कोणाच्या ताब्यात आहे? आपल्या संस्थेच्या.
दाराची नियमित पाहणी होते काय? होय, रोज दोन वेळा, ब्याऐंशी जणांकडून.
इतर शेरा. कोरे.

खाली माझी सही, पदवी आणि 'निवृत्त मुख्याध्यापिका'.

यात एक अक्षर खोटे नाही. तरी पेटीत टाकताना हात थांबला. तीस वर्षे मी मुलींना सांगितले की विचारलेल्याचे खरे उत्तर देऊन न विचारलेले लपवणे, हेही खोटेच. त्या मुलींपैकी कुणी त्या वेळी पोस्टासमोरून जात नव्हती, हे बरे झाले.

बायडाला सांग, कुलपाबद्दल मी बोलेन. कपाटाला कुलूप नसते तर आज त्यातली निम्मी पुस्तके राहात्यात नसती. गुळाचे म्हणशील, तर तो तूच खात होतास.

मनकर्णा


शिंगणापूर
१७ मार्च

ती. आक्कास नमस्कार.

महिनाभर पत्र नाही, म्हणून तू रागावली असशील. आधी लिहिण्यासारखे काही नव्हते. मग जे झाले ते लिहायची लाज वाटत होती.

नऊ तारखेला, शुक्रवारी, मिस एलिस अचानक पाहणीला आल्या. दाराभोवती पोरे जेवत होती. बाई खाली बसल्या, वाकून दाराखाली पाहिले. बिजागऱ्या पाहिल्या. लोंबणारे कुलूप ओढून पाहिले, ते लागलेले होते. वहीत लिहायला हात मोकळा हवा म्हणून किल्ल्यांचा जुडगा दारावर ठेवला. तेवढ्यात ड्रायव्हर सांगत आला की चाकातली हवा हळूहळू जात आहे, अंधाराच्या आत पोचायचे तर निघावे लागेल. बाई तशाच गेल्या. जुडगा राहिला.

आता तू विचारशील, लगेच माणूस का पाठवला नाही. आक्का, आम्हाला वाटले त्या मुद्दाम ठेवून गेल्या. परीक्षा घ्यायला. तू नाही का, वर्गात टेबलावर लाडू ठेवून बाहेर जायचीस आणि खिडकीतून बघायचीस? तूच सांगितले होतेस. बायडा म्हणाली, "गोऱ्या वन्सं बगत्यात आपन हात लावतो का ते." तेव्हा कुणी हात लावला नाही. शनिवारी देवाला गर्दी झाली, बाहेरगावचे शेकडो लोक गोठ्यावरून गेले. सूर्यभानबाबा दिवसभर तिथे बसून होते. चोरीसाठी नव्हे, कुणाच्या बोटाने जुडगा हलू नये म्हणून. बाई शनिवारी शिध्याला आल्या नाहीत, तेव्हा तर आमची खात्रीच झाली. पोरे तेवढी जागा सोडून दाटीने जेवत होती.

सोमवारी शेजारच्या दोन गावची पोरे चालत आली. म्हणाली, "आमची कोठी बंद हाय. बाई आल्याच न्हाईत." बायडाने मोठे पातेले मागवले. मंगळवारी दोनशे पोरे होती.

मंगळवारी दुपारी बाई आल्या. तोंड उतरलेले. जीप, बंगला, नगरची कचेरी, सगळे उलटेपालटे करून झाले होते. चार गावच्या कोठ्या चार दिवस कुलपात, आत पोती, बाहेर पोरे. एका गावाने त्या दिवशी सकाळी दगडाने कुलूप तोडले होते. त्यांनी दाराकडे पाहिले. जुडगा तिथेच. चार दिवसांची धूळ त्याच्यावर. भोवती दोनशे पोरे.

बाईंनी बायडाला विचारले, "ह्या एवढ्या पोरांना खायला कुठनं दिलं?"

"पोत्यातनं."

"कोठी उघडली कुणी?"

"झाकली हुती कुनी?"

बाई माझ्याकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही मला कळवलं का न्हाई?" मी परीक्षेचे सांगितले. आयुष्यात इतका वेडा मी कधी दिसलो नसेन. त्यांनी जुडगा उचलला, पदराला पुसावा तसा स्कर्टला पुसला आणि विचारले, "तो तक्ता कुणी भरला?" मी तुझे नाव सांगितले. पत्ताही.

गेल्या त्या गेल्या. आज शनिवार, शिधा आलेला नाही. दोनशे पोरांमुळे पोती तळाला गेली आहेत. फार तर सोमवारपर्यंत पुरतील. बायडा मला बोलत नाही आणि तुलाही बोलत नाही, म्हणजे फारच घाबरली आहे.

गहिनीनाथ


राहाता
१९ मार्च, सोमवार

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

तुझे पत्र हाती पडले आणि तासाभरात दाराशी जीप थांबली. हे पत्र त्या जीपच्या ड्रायव्हरच्याच हाती देत आहे. त्याच जीपमधून तुझी पोती येत आहेत. म्हणून आधी पोती उतरवून घे आणि मग पुढचे वाच.

बाई माझ्याएवढ्याच उंच आहेत. मी बसा म्हणेपर्यंत बसल्या नाहीत. मी भरलेला तक्ता त्यांनी माझ्यासमोर ठेवून विचारले, "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"दार आडवं हाय, हे माहीत होतं?"

नाही म्हणता आले असते. मी इथे, तू तिथे. पण समोर माझीच सही होती. म्हटले, "माहीत होते. तुम्ही विचारले नाही म्हणून लिहिले नाही. ते चूक आहे. शिक्षा व्हायची तर मला व्हावी, मुलांना नको."

त्या म्हणाल्या, "मला वाचतानाच कळलं होतं. 'होय' पुढं 'अहोरात्र' जोडणं शिंगणापूरच्या माणसाचं न्हाई. तिथली माणसं इतकं सावध लिहीत न्हाईत. म्हणून तर मी बघायला गेले."

हे मला लागले. समुद्र ओलांडून आलेली एक अमेरिकन बाई मला सांगते की मी आमच्या माणसांसारखी नाही. आणि खोटे नाही.

मग त्यांनी पेन काढले आणि 'इतर शेरा' पुढे लिहिले. वरच्या साहेबांसाठी इंग्रजीत, पण मला वाचून दाखवले: दार पाहिले. उपयोगात आहे. खाली सही केली. म्हणाल्या, "हे बी खरंच हाय." शनिवारी शिधा आला नाही, कारण त्या बाकीच्या चार गावांत कोठीची दुसरी किल्ली गावातच ठेवण्याची व्यवस्था करत फिरत होत्या. साहेबांना विचारले का, असे मी विचारले. "अजून न्हाई," म्हणाल्या.

चहा घेताना त्यांनी माझे कपाट पाहिले. "ग्रंथालय?" "माझी पुस्तके. मुलींना देते." "कुलूप?" मी म्हटले, हो. त्यांनी आपल्या जुडग्याकडे पाहिले, माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे पाहिले आणि बशीत आणखी थोडा चहा ओतून घेतला. एवढेच.

मला राग आला, म्हणून मी त्यांना व्याख्यानाचे आमंत्रण दिले. विषयही सांगितला. त्या म्हणाल्या, येते.

बायडाला सांग की एप्रिलमध्ये मी दोन दिवस येणार आहे. ट्रंक आणणार नाही. पिशवी आणीन.

मनकर्णा


राहाता
६ मे

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

तुमच्याकडून आल्यापासून व्याख्यानाच्या तयारीत होते, म्हणून उशीर. काल झाले. ग्रंथालयाचे अंगण भरले होते. निम्मे लोक ऊस बागायतदार. ते अमेरिकेसाठी नव्हे, थंड वाऱ्यासाठी आले होते. पहिल्या ओळीत मिस एलिस, पाठ सरळ.

मी काही गाळले नाही. समोर पाहुणी आहे म्हणून मवाळ बोलणे मला जमले नसते. क्युबा झाला, फिलिपिन्स, पनामाचा कालवा, आरमार, व्हिएतनाम. तुझे दारही सांगितले. लोक हसले, त्याही हसल्या. मग मी असेही सांगितले की ते आडवे दार पाहून सही करणारी बाईसुद्धा अमेरिकनच. हे माझ्या कागदावर नव्हते.

शेवटी अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचे आहे का म्हटले. त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, हवाई बेटं राहिली."

मी म्हटले, "वेळ अपुरा होता."

"मग मी सांगते. माझे आजोबा तिथं होते. उसाचेच मळे. आधी आम्ही पाहुणे होतो. मग जमीन घेतली. मग कारखाने. तिथं एक राणी होती. तिनं आपलं राज्य आपल्या हातात ठेवायचं म्हटलं, तेव्हा मळेवाले बंदुका घेऊन निघाले. बोटीवरचे शिपाई उतरले आणि तिच्या वाड्याजवळ उभे राहिले. एक गोळी झाडावी लागली न्हाई. माझे आजोबा त्या मळेवाल्यांत होते. त्यांची बंदूक आमच्या घरात भिंतीवर होती, मी लहानपणी रोज बघायची." मग म्हणाल्या, "राणीला तिच्याच वाड्यात कोंडून ठेवलं होतं. किल्ली आमच्याकडं."

आणि खाली बसल्या. आमच्या ऊसवाल्यांपैकी कुणी खोकले नाही. मी टाळ्यांची वाट पाहिली नाही. त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी हवाई आधी घ्या." घेणार आहे.

घरचे विशेष काही नाही. पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप सुताराकडून तोडून घेतले. किल्ली सापडत नव्हती, म्हणून. तू समजशील त्या कारणासाठी नव्हे. मुली येतात, पुस्तके नेतात, वहीत नाव लिहितात. काही लिहीत नाहीत. कोण लिहीत नाही ते मला माहीत आहे.

मनकर्णा


शिंगणापूर
११ मे
(कार्ड)

ती. आक्कास नमस्कार.

आपले सरकारी केंद्र मंजूर झाल्याचे कागद आले. तीन महिने म्हणाले होते, तीनच लागले. मिस एलिसबाईंना कळवले. त्या म्हणाल्या, पोती आता दुसऱ्या गावाला नेते, दार राहू द्या.

दुसरे असे. तू एप्रिलात निघालीस त्या सकाळपासून दारावर एक किल्ली पडली आहे. पितळेची, तांबड्या दोऱ्याची. मागच्या खेपेचा धडा शिकलो आहे, म्हणून कळवणारच होतो. बायडाने थांबवले. म्हणाली, "वन्संनी इचारलं तर सांगू. इचारत न्हाईत, म्हंजी ठिवली आसंल. वन्संची वस्तू वन्संनी जितं ठिवली तितंच ऱ्हाऊ द्या."

कुणी हात लावलेला नाही. पोरे तेवढी जागा सोडून बसतात.

गहिनीनाथ